निरोगी दिसणाऱ्या बाळाचा डोळा
टाचेतला थेंब : लेखांक ६

मागच्या आठवड्यात आपण थायरॉइडची चाचणी पाहिली. तिथे बाळाच्या रक्तात एक संप्रेरक मोजायचं असतं आणि ते कमी पडत असेल तर भरून काढायचं असतं. टाचेतला थेंब तोच, गाळणकागदही तोच. पण आजच्या चाचणीत शोधायचा आहे तो आईच्या पोटात असतानाच बाळात शिरलेला एक परजीवी.

त्याचं नाव टॉक्सोप्लाझ्मा. १९०८ साली ट्युनिसमध्ये एका उंदरासारख्या रानटी प्राण्यात आणि त्याच वर्षी ब्राझीलमधल्या साओ पाउलोत सशामध्ये तो प्रथम दिसला. त्याची वाढ पूर्ण होते ती मांजराच्या आतड्यात. माणसात तो येतो कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या मांसातून, मांजराच्या विष्ठेनं दूषित झालेल्या मातीतून, न धुतलेल्या भाजीतून, पाण्यातून. धडधाकट माणसाला बहुधा काहीच जाणवत नाही. फार तर थोडा ताप, मानेत एखादी गाठ. म्हणूनच गर्भारपणात ही लागण पहिल्यांदा झाली तरी त्या बाईला पत्ता नसतो, आणि परजीवी वारेतून गर्भापर्यंत पोचतो.

इथे एक विचित्र उलटा हिशेब आहे. पहिल्या तिमाहीत आईला लागण झाली तर ती बाळापर्यंत पोचण्याची शक्यता कमी असते, पण पोचलीच तर मेंदूची आणि डोळ्यांची फार हानी होते. शेवटच्या तिमाहीत ती बाळापर्यंत पोचते बऱ्याचदा, पण जन्मलेलं मूल गुटगुटीत दिसतं. त्यामुळे लागण झालेली बहुतेक बाळं प्रसूतिगृहातून ‘सगळं ठीक’ म्हणूनच घरी जातात. पुढे काही महिन्यांनी, काही वर्षांनी, कधी तर ऐन तारुण्यात दृष्टिपटलावर सूज येते आणि नजर जाते. तोवर जन्माशी त्याचा संबंध कुणाच्या ध्यानातही येत नाही.

हे पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर दाखवून दिलं अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यानं. जानेवारी १९८६पासून तिथे प्रत्येक नवजात बाळाच्या कागदावरच्या रक्तात आयजीएम जातीची प्रतिपिंडं पाहायला सुरुवात झाली. आयजीजी प्रतिपिंडं वार ओलांडून आईकडून बाळात येतात, म्हणून बाळात ती सापडली तरी त्यावरून एवढंच कळतं की आईला कधीतरी लागण होऊन गेली आहे. आयजीएम मात्र वार ओलांडत नाहीत. ती बाळाच्या रक्तात असतील तर बाळानं स्वतः तयार केलेली असतात. या एका फरकावर सगळी चाचणी उभी आहे.

शेजारच्या न्यू हॅम्पशायरची बाळं धरून ६,३५,००० बाळं तपासल्यावरचे निष्कर्ष १९९४मध्ये प्रसिद्ध झाले. १०० बाळांची चाचणी होकारार्थी आली, त्यांतल्या ५२ जणांची लागण पक्की ठरली. या ५२पैकी ५० बाळं नेहमीच्या वैद्यकीय तपासणीत निरोगी ठरली होती. मग डोळ्यांची आणि मेंदूची नीट तपासणी केल्यावर ४८पैकी १९ बाळांत बिघाड सापडला. बाळाकडे नुसतं पाहून खात्री बाळगणाऱ्या कुणीही हे आकडे पुन्हा एकदा वाचावेत.

तरी मॅसॅच्युसेट्समध्ये हे प्रमाण साधारण १२,००० बाळांत एक एवढंच होतं. ब्राझीलच्या मीनास जेराइस राज्यात चित्र फार वेगळं निघालं. बेलो होरिझोंतीच्या विद्यापीठाच्या केंद्रातून तिथे नवजात बाळांची तपासणी चालते. नोव्हेंबर २००६ ते मे २००७ या काळात १,४६,३०७ बाळांच्या रक्तात टॉक्सोप्लाझ्मा शोधला गेला आणि १९० बाळांना लागण झाल्याचं सिद्ध झालं. म्हणजे ७७० बाळांमागे एक. डोळे तपासले गेले १७८ बाळांचे. त्यांतल्या १४२ जणांच्या दृष्टिपटलावर व्रण होते, आणि ८४ जणांत तर आजार त्या क्षणी जागा होता. वय काही आठवड्यांचं. अजून आईचा चेहरा नीट ओळखू न येणारी ही बाळं, आणि डोळ्याच्या आत जखम चिघळते आहे!

ब्राझीलमधल्या परजीवीच्या जाती युरोपातल्यांपेक्षा वेगळ्या आणि डोळ्यासाठी जास्त घातक आहेत. एका देशातला अनुभव दुसऱ्याला जसाच्या तसा लावता येत नाही, तो यामुळे. डेन्मार्कनं १९९९मध्ये देशभर ही चाचणी सुरू केली आणि २००७मध्ये बंद केली, कारण उपचारांमुळे डोळ्यांतले नवे व्रण टळतात याचा पुरेसा पुरावा मिळाला नाही. त्यांचा निर्णय मला अविचारी वाटत नाही. पण ७७०मागे एक बाळ आणि त्यांतल्या पाचांपैकी चौघांच्या डोळ्यांत व्रण, अशा ठिकाणी पुराव्याची वाट पाहत बसणं मला पटत नाही. मे २०२१मध्ये ब्राझीलनं कायदा करून सरकारी टाच-चाचणीची यादी टप्प्याटप्प्यानं वाढवायचं ठरवलं आणि त्यात टॉक्सोप्लाझ्माचा समावेश केला. मला ते योग्य वाटतं.

चाचणी होकारार्थी आली की खरं काम सुरू होतं. पायरिमेथामिन आणि सल्फाडायझिन ही औषधं वर्षभर द्यायची. पायरिमेथामिनमुळे अस्थिमज्जा मंदावते, रक्तपेशी घटतात. म्हणून सोबत फोलिनिक ॲसिड द्यायचं आणि वरचेवर रक्त तपासायचं. (फोलिक ॲसिड देऊन चालत नाही, त्यानं औषधाचा जोर कमी होऊ शकतो. नावं सारखी असल्यामुळे इथे जपावं लागतं.) पायरिमेथामिन मिळतं गोळीत; तान्ह्या बाळासाठी ती कुटून, वजनाच्या हिशेबानं पातळ औषध तयार करून घ्यावं लागतं. वर्षभर, दिसायला ठणठणीत असलेल्या मुलाला. त्या आईची ही मेहनत आकड्यांमध्ये येत नाही. आणि २०१५मध्ये अमेरिकेत याच दशकानुदशकं जुन्या गोळीची किंमत एका कंपनीनं साडेतेरा डॉलरवरून एकदम ७५० डॉलरवर नेली, हे आठवलं की आजही संताप होतो.

चाचणीलाही मर्यादा आहेत. लागण गर्भारपणाच्या सुरुवातीला झाली असेल तर जन्मापर्यंत आयजीएम नाहीशी झालेली असू शकतात आणि असं बाळ हातून निसटतं. संशय असेल तिथे मग आयजीजीचा माग ठेवतात. आईकडून आलेली प्रतिपिंडं वर्षभरात ओसरतात. बारा महिन्यांनंतरही ती टिकून असतील तर ती बाळाची स्वतःची.

आयजीजी आणि आयजीएममधला फरक आपल्याकडे ‘टॉर्च’ चाचणीचा कागद हातात आलेल्या बायकांनाही उपयोगी आहे. गर्भपात झाला की ही चाचणी सर्रास लिहून दिली जाते, आणि टॉक्सोप्लाझ्मासमोर आयजीजी ‘पॉझिटिव्ह’ दिसलं की घरात रडारड होते. नुसतं आयजीजी असेल तर अर्थ बहुधा इतकाच की लागण केव्हातरी मागे होऊन गेली आहे. प्रकृती चांगली असलेल्या बाईच्या पुढच्या बाळाला त्यापासून सहसा धोका नसतो, उलट ती प्रतिपिंडं तिचं रक्षणच करतात. आयजीएमही होकारार्थी असेल तरी ती कधीकधी अनेक महिने रेंगाळतात. म्हणून औषध सुरू करण्याआधी लागण किती जुनी आहे हे सांगणारी ‘ॲव्हिडिटी’ चाचणी करता येईल का, हे डॉक्टरांना जरूर विचारावं.

फ्रान्सनं बाळाच्या जन्माची वाटच पाहिली नाही. ज्या गर्भवतीला आधी कधी लागण झालेली नाही, तिचं रक्त तिथे दर महिन्याला तपासतात. ती पद्धत कशी चालते आणि तिची किंमत काय, ते पुढच्या लेखांकात.