कान, नाक, घसा आणि नऊ अक्षरे
‘ऑटोराइनोलॅरिंगॉलॉजी’ म्हणजे कान-नाक-घशाचे वैद्यक. नाव भीतीदायक, पण घडण सरळ आहे. ग्रीकमधला ‘ओटो’ म्हणजे कान, ‘राइनो’ नाक (गेंड्याच्या इंग्रजी नावातले नाक हेच), ‘लॅरिंग’ स्वरयंत्र आणि शेवटी शास्त्र. उच्चारात मात्र नऊ अक्षरे ऐकू येतात: ओ-टो-राय-नो-लॅ-रिं-गॉ-ल-जी. अर्थाची फोड ‘लॅरिंग’पाशी होते, जिभेला ती मानवत नाही. ‘ग’ पुढच्या ‘ऑ’ला चिकटून ‘गॉ’ होतो आणि मुख्य आघात त्याच्यावरच पडतो. ‘बायॉलॉजी’तही आघात असाच शेवटून तिसऱ्या अक्षरावर असतो. त्यानंतरचा ‘लॉ’ इंग्रजीत ‘ल’ इतकाच निसटता उरतो; मराठीत तो ठासून म्हटला जातो. ‘राइनो’च्या स्पेलिंगमधला ‘एच’ मुका.