डॉ. कमला सोहोनी : एका जीवरसायनशास्त्रज्ञेची वाटचाल

जन्म : १९११, इंदूर. माहेरच्या भागवत, लेखिका दुर्गा भागवत यांच्या भगिनी.

बंगळूर, १९३३ : भारतीय विज्ञान संस्थेने स्त्री म्हणून प्रवेश नाकारला, त्यांनी चिकाटीने तो मिळवलाच. तेथे दूध आणि कडधान्यांतील प्रथिनांचा अभ्यास.

केंब्रिज, १९३९ : पेशीश्वसनात इलेक्ट्रॉन वाहून नेणारे ‘सायटोक्रोम सी’ वनस्पतींतही असल्याचे दाखवले. या विद्यापीठातून विज्ञानात पीएच.डी. मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय महिला.

मुंबई : इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये अध्यापन, संशोधन, पुढे संचालकपद. नीरेच्या पोषणमूल्यावरील कामासाठी राष्ट्रपती पुरस्कार. कुपोषित आदिवासी मुले आणि गर्भवतींना नीरा उपयुक्त ठरल्याचे या कामातून दिसले.

निधन : १९९८.

प्रयोगशाळेतले ज्ञान गरिबाच्या ताटापर्यंत नेणारी ही कारकीर्द शालेय पाठ्यपुस्तकांत ठळकपणे यायला हवी.