काटा वर चढतोय, बोला ना!

मैत्रिणींनो, घरात कुणाचं अंग गरम लागलं की थर्मामीटर आपणच लावतो. पारा १०२ वर गेला तर कुणाच्या परवानगीची वाट पाहत नाही. पण गाडीतला पारा? तो नवऱ्याने पाहायचा, नाहीतर ड्रायव्हरने. मागच्या मे महिन्यापर्यंत मीही असंच समजत होते.

सासूबाईंचे डोळे दाखवून आम्ही नागपूरहून वर्ध्याला परत येत होतो. दुपारचे तीन वाजलेले. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाणं आपल्या जिल्ह्याला काही नवीन नाही. गाडी जुनी, पण मुलाने हौसेने नटवलेली. समोर जाड लोखंडी गार्ड, त्यावर दोन मोठे दिवे. गॅस किट आधीच्या मालकाने बसवलेलं. एसी फुल्ल सुरू. बुटीबोरी मागे पडलं आणि माझं लक्ष समोरच्या छोट्या काट्याकडे गेलं. रोज मध्यावर असणारा काटा बराच वर सरकला होता. मी पाहिलं आणि गप्प बसले! म्हटलं, आपल्याला काय कळतं, उगाच बोलणी कशाला खायची?

केळझर यायच्या आत बॉनेटमधून वाफ निघाली. हे घाईघाईने उतरले आणि रेडिएटरचं झाकण फिरवलं. उकळतं पाणी उसळून कोपरापर्यंत हात भाजला. दवाखान्यात पट्टी बांधताना ह्यांनी विचारलं, "तुला दिसलं होतं, तर बोलली काहून नाही?" माझ्याजवळ उत्तर नव्हतं.

गाडी दुरुस्तीला गेली तेव्हा मी मुद्दाम गॅरेजमध्ये जाऊन बसले. मेकॅनिक भाऊंनी पहिलाच प्रश्न टाकला, "वहिनी, वाफ जिरल्याशिवाय कुकरचं झाकण काढता का तुम्ही?" तेच तर आहे! रेडिएटरचं झाकण आतलं पाणी दाबाखाली ठेवतं, म्हणून ते शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण उघडलं, दाब सुटला की सगळं एकदम उसळतं.

आता कूलंटचं. आपल्याकडे बरेच जण म्हणतात, "ते थंड प्रदेशासाठी. आपल्याकडे कुठे बर्फ पडतो?" खरं आहे, त्याने पाणी गोठत नाही. पण त्याच कूलंटने पाणी उशिरा उकळतं. निम्मं पाणी आणि निम्मं कूलंट असेल तर दाबाशिवायही ते साधारण १०७ अंशांना उकळतं. शिवाय आतून गंज धरत नाही. बोअरच्या पाण्याने गिझरच्या कॉइलवर पांढरा थर चढतो ना, तसाच तो रेडिएटरच्या बारीक नळ्यांत चढतो. म्हणून पाणी घालायचं ते डिस्टिल्ड, इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतो ते. आणि नुसतं घट्ट कूलंटही ओतायचं नाही, कारण उष्णता वाहून न्यायचं काम पाणीच जास्त चांगलं करतं. डबा तयार मिश्रणाचा आहे की पाणी घालायचा, ते वाचून घ्यावं.

रंगावर तर मुळीच जाऊ नका. हिरवं, लाल, निळं हे रंग कंपनी आपल्या मर्जीने देते. गाडीच्या पुस्तकात लिहिलंय तेच घ्या, दोन जातींची मिसळ नको.

पण भाऊंचं एक वाक्य मी लक्षात ठेवलंय. "कूलंट म्हणजे औषध नव्हे वहिनी. ताप कशाने आला ते आधी पाहा." ते पाहायचं कसं?

गाडी रेल्वे फाटकावर उभी असताना तापते आणि चालू लागली की उतरते, तर पंख्यावर संशय घ्या. वेगात किंवा तळेगावच्या घाटासारख्या चढावर तापते, तर रेडिएटर आतून तुंबला असेल, पाणी कमी असेल, वॉटर पंप कमजोर असेल किंवा समोरून वारा येत नसेल. आमच्या गाडीत गार्ड आणि दिव्यांनी निम्मी जाळी झाकली होती, आणि मागे कापसाचे तंतू न् किडे अडकून गादीच झाली होती! असे गार्ड बेकायदेशीर आहेत, त्यावर कारवाई करा असं केंद्र सरकारने २०१७ मध्येच राज्यांना कळवलंय, हेही मला तिथेच कळलं.

गाडी सुरू केल्यावर थोड्याच वेळात तापते, रेडिएटरचा एक पाईप गरम आणि दुसरा थंड, तर थर्मोस्टॅट अडकलेला असू शकतो. तो बदलायचा, काढून फेकायचा नाही. कुठे गळत नाही तरी पाणी कमी होतं, ऑइल दुधाच्या चहासारखं दिसतं, तर हेड गॅस्केट गेलेली असू शकते. आमची त्या दिवशी गेलीच.

गॅस किट असेल तर आणखी एक. गॅस गरम ठेवायला इंजिनचं गरम पाणी किटपर्यंत फिरवलेलं असतं. म्हणजे जास्तीचे पाईप, जास्तीचे जोड. तिथे गळती होते, हवा अडकते. किटची सर्व्हिसिंग चुकवू नका.

काटा चढला तर आधी एसी बंद. काचा खाली करून हीटर फुल्ल करा. उकडेल, पण इंजिनची उष्णता बाहेर पडेल. काटा लाल रेषेजवळ गेला किंवा वाफ दिसली, तर गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद. निदान अर्धा-पाऊण तास झाकणाला हात नाही, तापल्या इंजिनवर गार पाणी नाही. वर गेलेला काटा अचानक खाली आला तरी खूश होऊ नका, पाणी संपल्यावरही तसं होतं. नव्या काही गाड्यांत काटाच नसतो, लाल दिवा लागतो. आणि हो, कूलंट चवीला गोड पण विषारी असतं. डबा लेकरांपासून दूर ठेवा, सांडलेलं पुसून घ्या, नाहीतर कुत्रं-मांजर चाटतं.

बचत गटाच्या बैठकीत मी हे सगळं सांगितलं, तेव्हा एकजण म्हणाली, "ताई, आम्ही तर मागे बसतो." मी म्हटलं, मग मागून वाकून बघायचं!

परवा सेलूजवळ काटा पुन्हा हलला. मी लगेच म्हटलं, "अहो, काटा वर चढतोय." ह्यांनी एसी बंद केला, मुकाट्याने गाडी सावलीत घेतली. गार झाल्यावर पाहिलं, तर किटकडे जाणाऱ्या पाईपची क्लिप ढिली झाली होती. क्लिप आवळली, डिकीतल्या बाटलीतलं कूलंट घातलं आणि निघालो. ह्यांच्या हातावरचा डाग अजून आहे. तो दिसला की वाटतं, तेव्हा एक वाक्य बोलले असते तर?