मनगटावरचं घड्याळ हृदयाबद्दल काय सांगतं?



भोसरी-चाकणच्या कंपन्यांत कामाला जाणाऱ्या अनेक पालकांच्या हातात आता स्मार्टवॉच दिसतं. मुलं विचारतात, "हे घड्याळ ठोके कसं काय मोजतं?" प्रश्न छान आहे. उत्तर मात्र आधी आपल्याला माहीत हवं.

मोजतं कसं?

घड्याळाच्या मागे हिरवे दिवे असतात. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं. हृदयाचा ठोका पडला की मनगटातल्या बारीक रक्तवाहिन्यांत रक्त वाढतं आणि परत येणारा प्रकाश कमी होतो. हा चढउतार मोजून घड्याळ एका मिनिटातले ठोके सांगतं. पट्टा सैल असेल किंवा हात जोरात हलत असेल तर आकडा चुकतो.

काय कळू शकतं?

शांत बसलेल्या मोठ्या माणसाचे ठोके साधारण 60 ते 100 असतात. रोज व्यायाम करणाऱ्यांचे कमी, लहान मुलांचे जास्त. म्हणून शेजाऱ्याशी तुलना करू नका, स्वतःचा नेहमीचा आकडा ओळखा. एरवी 70 असणारा आकडा काही कारण नसताना बरेच दिवस 90 दिसत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. त्यामागे अपुरी झोप, ताप, रक्ताची कमतरता, थायरॉइड किंवा हृदयाचा त्रास, काहीही असू शकतं.

काही घड्याळं ठोक्यांची बिघडलेली लयही ओळखतात. 'एट्रियल फिब्रिलेशन' या आजारात हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता थरथरतात. तिथे रक्ताची गुठळी होऊन ती मेंदूत गेली तर पक्षाघात होतो. अनेकांना हा आजार जाणवतच नाही. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाने 4,19,297 लोकांवर केलेला अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात 0.52 टक्के लोकांना घड्याळाने इशारा दिला. त्यांच्यापैकी ज्यांनी नंतर छातीवर ईसीजीची पट्टी लावून तपासणी पूर्ण केली, त्यांतल्या 34 टक्के लोकांत हा आजार दिसला. लय अधूनमधून बिघडते, त्यामुळे बाकीचे इशारे खोटेच होते असंही नाही. इशारा आला तर घाबरायचं नाही. पिंपरीच्या वायसीएममध्ये किंवा जवळच्या दवाखान्यात जाऊन ईसीजी काढायचा.

काय कळत नाही?

हे सगळ्यात महत्त्वाचं. घड्याळ हार्ट अटॅक ओळखत नाही. हृदयाला रक्त पुरवणारी धमनी बंद पडत असतानाही ठोके 80 आणि लय सरळ असू शकते. ईसीजी काढणारं घड्याळ हृदयाकडे एकाच बाजूने बघतं, दवाखान्यातला ईसीजी 12 बाजूंनी. छातीत दाब, हातात किंवा जबड्यात कळ, घाम, दम लागणं असं काही झालं, तर "घड्याळात नॉर्मल दिसतंय, ॲसिडिटी असेल, शिफ्ट संपू दे" असं म्हणत बसू नका. लगेच 108 ला फोन करा. 2014 पासून आपल्या राज्यात ही रुग्णवाहिका मोफत येते.

वर्गात करून बघा

मुलांना मनगटावर, अंगठ्याच्या बाजूला दोन बोटं ठेवून नाडी शोधायला लावा. 15 सेकंद मोजा आणि 4 ने गुणा. मग एक मिनिट जागेवर धावून पुन्हा मोजा. आजारी मुलांना धावायला लावू नका, त्यांना नोंदी लिहायला द्या. गुणाकारही होतो, तक्ताही होतो.

गृहपाठ: घरातल्या मोठ्यांची सकाळी उठल्या उठल्या नाडी मोजून वहीत लिहायची आणि 108 हा नंबर आजी-आजोबांना पाठ करून द्यायचा.