विश्लेषण : गाणी गाजली, गायिका मात्र अनोळखीच! कोण होत्या लॉरा नीरो?

१९६९ च्या अखेरीस अमेरिकेतील रेडिओवर तीन गाणी सतत वाजत होती. ‘द फिफ्थ डायमेन्शन’चे ‘वेडिंग बेल ब्लूज’ ‘बिलबोर्ड’च्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. ‘ब्लड, स्वेट अँड टिअर्स’चे ‘अँड व्हेन आय डाय’ दुसऱ्या, तर ‘थ्री डॉग नाइट’चे ‘ईलाइज कमिंग’ दहाव्या क्रमांकापर्यंत गेले. तिन्हींचे गायक वेगळे, बाज वेगळा. शब्द आणि चाल मात्र एकाच व्यक्तीची होती : २२ वर्षांच्या लॉरा नीरो यांची. त्यांच्या स्वतःच्या आवाजातील एकच गाणे या यादीच्या पहिल्या शंभरात आले, तेही ९२ व्या क्रमांकावर. विशेष म्हणजे ते गाणे त्यांनी लिहिलेले नव्हते! असे का घडले?

लॉरा नीरो कोण होत्या?

लॉरा यांचा जन्म १८ ऑक्टोबर १९४७ रोजी न्यूयॉर्कमधील ब्राँक्स येथे झाला. वडील जॅझ ट्रम्पेट वाजवत आणि पियानो सुरात लावून देण्याचे काम करत. लॉरा यांचे शिक्षण मॅनहॅटनमधील कलाशिक्षणासाठी प्रसिद्ध असलेल्या शाळेत झाले. किशोरवयात त्या भुयारी रेल्वेच्या स्थानकांवर मित्रांसोबत गात. मृत्यूकडे शांतपणे पाहणारे ‘अँड व्हेन आय डाय’ हे गाणे त्यांनी विशीच्या आत लिहिले. १९६६ मध्ये ते ‘पीटर, पॉल अँड मेरी’ या लोकप्रिय त्रयीने गायले. लॉरा यांचा स्वतःचा पहिला अल्बम आला तो त्यानंतर, १९६७ मध्ये. म्हणजे इतरांच्या आवाजातून ओळख होण्याची सुरुवात पहिल्या अल्बमच्या आधीच झाली होती.

कव्हर म्हणजे काय? पैसे कोणाला मिळतात?

हिंदी-मराठी चित्रपटसंगीतात गीतकार, संगीतकार आणि गायक सहसा वेगळे असतात. पाश्चात्त्य पॉपमध्ये १९६० च्या दशकापासून स्वतः लिहून, चाल लावून, स्वतःच गाणाऱ्या कलाकारांची परंपरा बळकट झाली. अशा कलाकाराचे गाणे दुसऱ्याने आपल्या पद्धतीने गायले, की त्याला ‘कव्हर’ म्हणतात.

अमेरिकी कायद्यानुसार एकदा ध्वनिमुद्रित होऊन बाजारात आलेले गाणे ठरावीक मानधन देऊन कोणालाही पुन्हा ध्वनिमुद्रित करता येते. त्या काळी हे मानधन एका प्रतीमागे दोन सेंट होते. शिवाय रेडिओवर गाणे वाजले की त्याचे पैसे गीत-संगीतकार आणि प्रकाशन कंपनीला मिळत, गायकाला नाही. लॉरा आणि त्यांचे व्यवस्थापक डेव्हिड गेफन यांनी ‘टुना फिश म्युझिक’ ही प्रकाशन कंपनी काढली होती. पुढे ती सुमारे ४५ लाख डॉलरना ‘सीबीएस’ला विकली गेली. तेव्हा लॉरा यांची कहाणी उपेक्षित, फसवल्या गेलेल्या कलाकाराची नाही. पैसे मिळाले, व्यवसायात मान मिळाला. मिळाली नाही ती श्रोत्यांमधली ओळख.

मग स्वतःच्या आवाजात यश का नाही?

‘वेडिंग बेल ब्लूज’ लॉरा यांनी आधी स्वतःच्या आवाजात प्रसिद्ध केले होते. पण नवख्या गायिकेचे ते गाणे पहिल्या शंभरातही आले नाही. त्यानंतर कोलंबिया कंपनीत त्यांना हवे तसे संगीत करण्याची मोकळीक मिळाली आणि त्या रेडिओच्या साच्यापासून आणखी दूर गेल्या. ‘ईलाय अँड द थर्टीन्थ कन्फेशन’ (१९६८) या अल्बममध्ये एकाच गाण्यात लय दोन-तीनदा बदलते, कुजबुज एकदम आरोळी होते. ‘न्यूयॉर्क टेंडबेरी’मध्ये (१९६९) कित्येकदा केवळ पियानो, आवाज आणि शांतता उरते. हा अल्बम विक्रीच्या यादीत ३२ व्या क्रमांकापर्यंत गेला. म्हणजे निष्ठावान श्रोते होते, पण ते अल्बम ऐकणारे होते. गाडी चालवताना रेडिओ लावणारे नव्हते.

त्यातच १९६७ च्या माँटेरे महोत्सवात आपली हुर्यो उडवली गेली, असा लॉरा यांचा समज झाला. अनेक वर्षांनी तपासलेल्या चित्रफितीत तसे काही आढळले नाही. प्रसिद्धीच्या झोतापासून त्या कायम लांबच राहिल्या. १९७१ मध्ये, अवघ्या चोविसाव्या वर्षी, त्यांनी संगीतातून काही वर्षांसाठी अंग काढून घेतले.

कव्हरनी गाणी बिघडवली का?

सरसकट तसे म्हणता येणार नाही. ‘वेडिंग बेल ब्लूज’मधील स्त्री बिल नावाच्या प्रियकराकडे लग्नाचा हट्ट धरते. ‘द फिफ्थ डायमेन्शन’च्या गायिका मॅरिलिन मॅकू यांचे त्याच गटातील बिली डेव्हिस यांच्याशी १९६९ मध्येच लग्न झाले. त्यामुळे गाण्याला खेळकरपणा आला आणि श्रोत्यांना ते त्या दोघांचेच वाटू लागले. ‘ब्लड, स्वेट अँड टिअर्स’ने ‘अँड व्हेन आय डाय’मध्ये ब्रास वाद्यांचा ठसका आणला. ‘स्टोनी एंड’ने १९७१ मध्ये सहावा क्रमांक गाठून बार्बरा स्ट्रायसँड यांना नव्या पिढीच्या पॉप संगीतात स्थान दिले. लॉरा यांच्या आवाजातील दुखरी किनार मात्र या झगमगाटात मागे पडली.

इतक्या वेगळ्या कलाकारांना ही गाणी मानवली, कारण ती मुळातच अनेक परंपरांतून घडली होती. जॅझमधील स्वरमेळ, चर्चमधील गॉस्पेल, कृष्णवर्णीयांचे सोल, ब्रॉडवेची नाट्यमयता हे सारे एकाच गाण्यात नांदत असे. ज्याने त्याने आपल्याला जमेल ते उचलले. विरोधाभास असा, की १९७१ मध्ये लॉरा यांनी ‘लाबेल’ या गायिका-त्रयीसोबत केलेला ‘गॉना टेक अ मिरॅकल’ हा गाजलेला अल्बम संपूर्णपणे इतरांच्या गाण्यांचा होता. कव्हर कसे करावे, याचा तो वस्तुपाठच ठरला.

दखल कधी घेतली गेली?

८ एप्रिल १९९७ रोजी अंडाशयाच्या कर्करोगाने लॉरा यांचे निधन झाले. त्यांच्या आईचाही मृत्यू याच आजाराने, याच वयात, ४९ व्या वर्षी झाला होता. एल्टन जॉन, टॉड रंडग्रेन यांच्यासारख्यांनी त्यांचा प्रभाव मोकळेपणाने मान्य केला आहे. मरणोत्तर सन्मान उशिरा आले : २०१० मध्ये ‘साँगरायटर्स हॉल ऑफ फेम’, तर २०१२ मध्ये ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’मध्ये समावेश. जॅझ पियानोवादक बिली चाइल्ड्स यांनी २०१४ मध्ये त्यांच्या गाण्यांचा नव्या मांडणीतील अल्बम काढला. त्यातील ‘न्यूयॉर्क टेंडबेरी’च्या संगीतसंयोजनाला ग्रॅमी मिळाले.

ऐकायला सुरुवात कुठून करावी?

सोपा मार्ग म्हणजे जोडीने ऐकणे. आधी ‘द फिफ्थ डायमेन्शन’चे ‘स्टोन्ड सोल पिकनिक’, लगेच लॉरा यांचे. मग ‘थ्री डॉग नाइट’चे ‘ईलाइज कमिंग’ आणि त्यापाठोपाठ मूळ. कव्हर पहिल्याच ऐकण्यात आवडून जाते. मूळ गाण्याला दोन-तीनदा वेळ द्यावा लागतो. पण एकदा ते कानात बसले, की कव्हरमध्येही लॉराच ऐकू येऊ लागतात.