पाऊस थांबला तरी बागेतलं पाणी हटत नाही? शोषखड्डा खणण्याआधी हे वाचा

पाऊस उघडून आठवडा झाला, रस्ता वाळला, पण बागेत पाऊल टाकलं की चप्पल रुतते. पपई पिवळी पडते, कढीपत्ता मान टाकतो. अशा वेळी अनेकजण शोषखड्डा खणतात. पण कागलच्या नदीकाठच्या भागात हा खर्च पाण्यात जाऊ शकतो. का? समजून घेऊया.

पाणी येतं कुठून?

कागल तालुक्यातून दूधगंगा आणि वेदगंगा वाहतात. काठाला काळी, चिकट माती आणि सभोवती पाण्याखालचा ऊस. पावसाळ्यात अशा सखल जागी भूजल जमिनीच्या अगदी जवळ येतं. खालची मातीच भरलेली असेल, तर शोषखड्ड्यातलं पाणी मुरणार कुठे? उलट खड्डाच खालून भरतो. मुळांना हवा मिळत नाही आणि ती सडतात.

आधी तपासा

पाऊस उघडला की 3 फूट खोल खड्डा खणा आणि झाकून ठेवा. दुसऱ्या दिवशी त्यात पाणी चढलेलं दिसलं, तर भूजल उथळ आहे. खड्डा कोरडा असेल, तर अडचण वरच्या मातीची किंवा उताराची आहे.

भूजल उथळ असेल तर काय करायचं?

1. छताचं पाणी वळवा. 1000 चौरस फूट छतावर 10 मिलिमीटर पाऊस पडला, तरी सुमारे 900 लिटर पाणी जमतं. ते बागेत सोडू नका, पावसाळी गटारात न्या.

2. सच्छिद्र पाईप टाका. 2 ते 3 फूट खोल चरात खडी आणि गाळणीचं कापड गुंडाळलेला पाईप घाला. 100 फुटांना 1 फूट उतार पुरे. पाईपचं तोंड मात्र सखल ओढ्यात किंवा गटारात निघायला हवं. तशी जागा नसेल, तर चेंबर बांधून पंपाने पाणी उपसावं लागेल. घराच्या पायालगत खोल चर नको आणि शेजाऱ्याच्या हद्दीत पाणी नको.

3. गादीवाफे करा. पाणी हटवणं शक्यच नसेल, तर झाडं वर उचला. दीड फूट उंच वाफ्यात भाजीपाला लावा. ओल्या कोपऱ्यात अळू, कर्दळ आणि वेखंड छान वाढतात.

जमिनीखालच्या पाईपचा हा उपाय जिल्ह्याला नवा नाही. शिरोळ तालुक्यात दत्त साखर कारखान्याच्या पुढाकाराने शेतकऱ्यांनी याच पद्धतीने क्षारपड शेतं पुन्हा पिकाखाली आणली आहेत.

त्यामुळे गवंड्याला बोलावण्याआधी एक खड्डा खणा. पुढचा खर्च कशावर करायचा, हे तोच सांगेल.