तुलनेला पुरुषच नसेल तर?

मुंबईच्या मॅकिनन मॅकेन्झी या जहाज व्यवसायातल्या कंपनीत ऑड्री डिकॉस्टा स्टेनोग्राफर होत्या. कंपनीतले पुरुष स्टेनो तेच काम करत, पण त्यांना पगार जास्त मिळे. १९७७ मध्ये नोकरी गेल्यावर डिकॉस्टांनी समान वेतन कायद्याखाली फरकाची रक्कम मागितली. त्यावर कंपनीने म्हटलं, या तर ‘कॉन्फिडेन्शिअल लेडी स्टेनोग्राफर’. या वर्गात एकही पुरुष नाही, मग भेदभाव झाला कुठे? शिवाय पगार युनियनशी झालेल्या कराराने ठरलेत आणि फरक द्यायची ऐपतही नाही. मार्च १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने यातलं काहीच मान्य केलं नाही. काम सारखं असताना बायकांचा वेगळा वर्ग करून त्यांना कमी पैसे देता येणार नाहीत, आणि कायदा ऐपत बघून लागू होत नाही, असं न्यायालयाने बजावलं.

डिकॉस्टा जिंकल्या, कारण त्याच कंपनीत तेच काम करणारा पुरुष दाखवता आला. पण जिथे सगळ्या बायकाच आहेत, तिथे बोट कुणाकडे दाखवायचं?

समान वेतनाचा वटहुकूम निघाला २६ सप्टेंबर १९७५ रोजी, आंतरराष्ट्रीय महिला वर्षात. त्यानंतर सहाच दिवसांनी, गांधीजयंतीला, एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाड्या उभ्या राहू लागल्या. तेच सरकार, तोच आठवडा. मात्र अंगणवाडीतली सेविका नोकरदार मानली गेली नाही. ती मानसेवी; तिला मिळणार ते मानधन.

सेविकेचं काम जवळून बघावं. ती पोरांना बडबडगीतं शिकवते, गरम ताजा आहार वाढते, प्रत्येकाचं वजन-उंची घेते. दंडाला पट्टी लावून घेर मोजते. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली भरला तर मूल ‘सॅम’मध्ये, म्हणजे अतितीव्र कुपोषित, आणि मग त्याच्या आईला समजावून दवाखान्यापर्यंत न्यायचं. गरोदर आणि स्तनदा मातांच्या गृहभेटी, लसीकरणाच्या दिवशी बाळांना गोळा करणं, घरी न्यायच्या आहाराची (टीएचआर) पाकिटं वाटणं, हे सगळं ‘पोषण ट्रॅकर’ या ॲपवर भरणं. वर जे सर्वेक्षण येईल तेही. या कामाला माहिती लागते, हातोटी लागते आणि गावाचा विश्वास तर लागतोच. तरी ‘बाईमाणसाला हे आपोआप जमतं’ असं धरून चाललं की कौशल्य हिशेबातूनच गळतं.

ऑक्टोबर २०१८ पासूनच्या केंद्राच्या दरात सेविकेला महिना ४,५०० रुपये आणि मदतनिसाला २,२५० रुपये ठरले. राज्यं त्यात आपली भर घालतात. महाराष्ट्रातल्या सेविका-मदतनिसांनी ४ डिसेंबर २०२३ पासून दीड महिन्याहून अधिक काळ संप केला, तेव्हा त्यांची मागणी नुसत्या वाढीची नव्हती. कर्मचाऱ्याचा दर्जा, वेतनश्रेणी, पेन्शन हेही त्यात होतं. त्याआधी, एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे न्या. अजय रस्तोगी आणि न्या. अभय ओक यांनी सेविका-मदतनिसांना ग्रॅच्युइटी लागू होते असा निकाल दिला, आणि त्या कायद्यापुरतं मानधनाला वेतन मानलं. योजना सुरू झाल्यापासून हा दरवाजा उघडायला ४६ वर्षं लागली, हे खटकायलाच हवं.

काम कुशल की अकुशल, हे कोण ठरवतं? १९६८ मध्ये लंडनजवळच्या डॅगेनहॅममध्ये फोर्डच्या गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवणाऱ्या कामगार बायकांनी यावरूनच मशीन बंद ठेवली. त्या संपातून ब्रिटनचा १९७०चा समान वेतन कायदा आला. पण त्यांचं शिवणकाम कुशल श्रेणीत बसायला १९८४ उजाडलं, तेही आणखी एका संपानंतर.

न्यूझीलंडने याहून पुढचं पाऊल टाकलं. वृद्धांची शुश्रूषा करणाऱ्या क्रिस्टीन बार्टलेट यांचं म्हणणं असं, की या कामात जवळजवळ सगळ्या बायका आहेत म्हणूनच सगळ्यांचा पगार कमी आहे. तिथल्या मोजक्या पुरुषांशी तुलना करून काय उपयोग? २०१४ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने मान्य केलं, की अशा वेळी वेगळ्या व्यवसायाशी तुलना करता येते. मग तुरुंगातल्या रक्षकांचं काम समोर ठेवलं गेलं: अंगमेहनत, रात्रपाळी, चिडलेल्या माणसाला आवरणं, दुसऱ्याच्या जिवाची जबाबदारी. २०१७ मध्ये सरकारने सुमारे ५५,००० कर्मचाऱ्यांसाठी दोन अब्ज न्यूझीलंड डॉलरची तडजोड केली. मे २०२५ मध्ये मात्र तिथल्याच सरकारने कायदा बदलून अटी कडक केल्या आणि चालू असलेले ३३ दावे रद्दबातल झाले. मिळवलेलं टिकवायलाही लढावं लागतं ते असं.

भारताने समान मोलाच्या कामाला समान मोबदला देण्याचा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा करार १९५८ मध्येच स्वीकारला आहे. तरी त्या वटहुकुमाच्या जागी आलेला १९७६चा समान वेतन कायदा ‘तेच किंवा तशाच स्वरूपाचं काम’ यापलीकडे गेला नाही, आणि २०१९च्या वेतन संहितेतही तीच भाषा उतरली आहे. त्यामुळे सेविकेची तुलना त्याच गावातल्या ग्रामसेवकाशी किंवा प्राथमिक शिक्षकाशी करायची सोय कायद्यात नाही. कौशल्य, जबाबदारी, श्रम आणि कामाची परिस्थिती या चार कसोट्यांवर ही कामं शेजारी-शेजारी मांडून बघता येतील. त्यासाठी कायद्यात ‘समान मोल’ हे शब्द आधी यायला हवेत.